कुसळीच्या माळावरचा थिरथिरा

पौड रस्त्याने पुण्याबाहेर पडले की बावधन लागते, मग भूगाव आणि मग भुकूम. तिथून पुढे रस्ता पिरंगुटच्या घाटाकडे जातो. या टप्प्यात दोन्ही अंगांना बुटक्या, उघड्या माथ्यांच्या टेकड्या आहेत. दिवाळीच्या आगेमागे इथले भात कापून झालेले असते. खाचरांत धसकटे उरतात, आणि जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर कुठे हरभरा, कुठे वाल टाकलेला असतो. बांध ओलांडून वर चढू लागावे तर पायवाट गवतात शिरते. पौषातल्या पहाटे, उजाडायच्या थोडे आधी या वाटेवर उभे राहिले की डोळ्यांना फारसे काही सापडत नाही. धुके खालच्या खाचरांत साचलेले असते. कानांना मात्र माळ हळूहळू उमगू लागतो. पलीकडच्या उतारावरून तितराची चढत जाणारी साद येते. घाणेरीच्या जाळीत कुणी तरी थांबून थांबून 'चक्, चक्' करत असते. तो वटवट्या असतो. आवाज हाताच्या अंतरावर असतो, पण पाखरू दिसत नाही. घाईने चालणाऱ्याला हा माळ रिकामाच भेटतो. म्हणून आपण थोडे बसू या.

पक्षी पाहायला आलेल्याने खरे तर गवतापासून सुरुवात करावी. या टेकड्यांवर कुसळी माजते. पावसाळ्यात ती हिरवी, मऊ असते. आता तिचे पाते तांबूस-पिवळे झालेले असते आणि तुऱ्यांतून काळसर कुसळांचे एकमेकांत गुंतलेले झुबके लोंबत असतात. त्यातले एक कुसळ अलगद सोडवून तळहातावर घ्यावे. टोकाला टाचणीसारखे अणकुचीदार बी, बियाच्या टोकाशी मागे वळलेली ताठ लव, आणि मागे बोटभर लांबीची, पीळ पडलेली, मध्येच गुडघ्यात दुमडलेली शेपटी. आता जवळच्या पात्यावरचा दवाचा थेंब त्यावर टेकवावा. क्षणभर काहीच होत नाही. मग ती वाळकी शेपटी हलते, आणि सुताचा पीळ उलगडावा तशी स्वतःभोवती सावकाश फिरू लागते. पाणी शोषले की पीळ सुटतो, ऊन लागले की पुन्हा बसतो. रात्रीच्या दवाने सुटायचे, दुपारच्या उन्हाने आवळायचे, असे तिचे दिवसामागून दिवस चालते. दर फेऱ्याला बी मातीत जरासे आत सरकते, आणि ती उलटी लव त्याला मागे येऊ देत नाही. तिफण नाही, बैल नाही. दव आणि ऊन मिळून अख्खी टेकडी पेरतात. आपल्या मोज्यांत घुसून टोचत राहणारी कुसळे म्हणजे त्या पेरणीतले वाट चुकलेले बियाणे.

हे एकदा पाहिले की माळ निर्जीव, वाळलेला वाटेनासा होतो. या गवताच्या बुंध्यांशी नाकतोडे थंडीने गारठून बसलेले असतात, कोळ्यांची जाळी दवाने जड झालेली असतात, मुंग्यांच्या वाटा उन्हाची वाट पाहत असतात. गवतबिया टिपायला मुनियांचे थवे उतरतात. शेंडीवाला काळा-तांबडा युवराज दगडावर येऊन बसतो. तो इथलाच, बारमाही. खाली ज्वारीचा एखादा तुकडा असेल तर पश्चिम आशियातून आलेले काळ्या डोक्याचे भारीट तिथे पिवळी झुंबड उडवतात. मध्य आशियातल्या गवताळ मुलखातून आलेल्या भोरड्या तर आभाळात एकत्र वळतात, फुटतात, पुन्हा एक होतात. आपण त्याला थवा म्हणतो खरे, पण ती एक पंखमयी लाट असते. आणि या सगळ्यांवर, वाऱ्याच्या तोंडाला तोंड देऊन, खरुची आभाळात एका जागी थबकलेली असते. तिचे पंख फडफडत असतात, शेपटी उघडमिट करत असते, सारे अंग वाऱ्याबरोबर डुलत असते. फक्त डोके हलत नाही. ते जणू हवेत ठोकून ठेवलेले असते. खाली गवतात उंदराने एक पाते हलवले तरी तिच्या डोळ्यांना ते कळावे, म्हणून बाकीचे सगळे शरीर त्या डोक्याची चाकरी करत असते.

पण आपण ज्याच्यासाठी बसलो आहोत तो अजून यायचा आहे.

तो येतो तेव्हा गाजावाजा नसतो. वाटेच्या कडेला, गुडघाभर उंचीच्या काळ्या कातळावर एक पाखरू येऊन टेकते आणि त्याची शेपटी थरथरते. थांबते, पुन्हा थरथरते. उजेड अजून फिकट असतो, त्यामुळे प्रथम तो नुसता एक काळसर ठिपका वाटतो. मग सूर्य टेकडीच्या खांद्यावर येतो, आणि त्याच्या पोटावरचा तांबूस-नारिंगी रंग आतून पेटल्यासारखा उजळतो. हा काळा थिरथिरा. मादी त्याच्याइतकी भडक नसते. मातकट तपकिरी अंग, तांबूस शेपटी, आणि थरथर मात्र तीच. थंडीत दोघेही पिसे फुगवून घेतात, त्यामुळे ती जरा गोलमटोल दिसतात. वजन म्हणाल तर पंधरा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तळहातावर ठेवले तर आपल्याला त्याच्या भारापेक्षा त्याची ऊब आधी जाणवेल.

या पंधरा ग्रॅमांचा प्रवास मनात आणून पाहावा. आपल्याकडे हिवाळ्यात उतरणारे थिरथिरे लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच, उजाड, दगडगोट्यांच्या प्रदेशात वीण करतात. तिथे खडकांच्या कपारीत, भिंतींच्या फटीत त्यांची घरटी असतात. तिथला उन्हाळा आखूड. हवा फिरली, किडे संपत आले की ते निघतात. अशी लहान पाखरे बहुधा रात्री उडतात. ताऱ्यांचा आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाचा त्यांना आधार असतो, एवढे माणसाला उमगले आहे. हिमालयाच्या रांगा, गंगेचे मैदान, विंध्य-सातपुडा हे सारे अंधारात पंखांखालून जाते. आणि एका सकाळी, पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबराच्या सुमारास, भुकूमच्या टेकडीवरच्या कातळावर शेपटी थरथरते. पक्ष्यांच्या पायांत कडी घालून जगभर जे अभ्यास झाले त्यांतून दिसले आहे की कितीतरी लहान स्थलांतरी पाखरे पुढच्या हिवाळ्यात नेमकी त्याच जागी परततात. तीच बाग, तोच ओढा, तीच झुडपांची रांग. म्हणून एखाद्या दगडावर गेल्या वर्षीही थिरथिरा होता आणि यंदाही आहे, तेव्हा तो तोच असेल का, हा विचार मनात येतो आणि छाती भरून येते. मार्चपर्यंत तो इथे असतो. वर्षाचा जवळजवळ अर्धा भाग. तिकडच्या कपारीइतकाच हा कातळही त्याच्या आयुष्यातला हक्काचा भाग आहे.

त्याचे छायाचित्र काढायचे तर आधी त्याचा दिनक्रम शिकावा लागतो. तो एकेकटा असतो, आपला टापू धरून. या दगडावरून खाली झेप, गवताच्या मुळाशी एक टिपणी, मग तिकडच्या खुंटावर, तिथून पुन्हा दुसऱ्या दगडावर. त्याच टापूत चिरकाचा वावर असतो. तोही किडेच खातो, तोही जमिनीवरच. कधी दोघांची बाचाबाची होते, कधी एकमेकांना टाळून दोघेही निभावतात. पुरेसा वेळ बसून राहिले की लक्षात येते, त्याचे आवडते दगड ठरलेले आहेत. मग पाठलाग सोडून द्यावा. सूर्य पाठीशी घ्यावा, त्यातल्या एका दगडापासून बऱ्यापैकी अंतर राखून जमिनीवर पालथे व्हावे, कोपर मातीत रुतवावे, लांब भिंग वाळूच्या पिशवीवर टेकवावे. कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या उंचीला आला की सगळे जगच बदलते. उभ्याने पाहताना जे गवत आपल्या घोट्याशी असते ते आता अरण्य होते, त्यातली दवबिंदूंची रांग पाठीमागे विरघळून प्रकाशाची वर्तुळे होते, आणि या सगळ्याच्या मध्यभागी तो, एका काळ्याभोर डोळ्यात उगवतीचा बारीकसा ठिणगीएवढा सूर्य घेऊन.

अंतर किती राखावे हे त्यालाच ठरवू द्यावे. तो टिपणे थांबवून नुसता आपल्याकडे पाहू लागला, अंग बारीक करून ताठ झाला, सारखे झुकून 'टक्, टक्' करू लागला, की आपण जास्त जवळ आलो आहोत. थंडीतल्या सकाळी त्याची एक एक टिपणी मोलाची असते. रात्रभर अंग गरम ठेवण्यात जी शिदोरी सरली ती त्याला आता भरून काढायची असते, आणि संध्याकाळपर्यंत पुढच्या रात्रीची तरतूद करायची असते. आपल्यामुळे तो दोनदा उडाला तर तेवढे किडे त्याच्या हातून गेले. त्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला जवळ बोलावणे हे तर मला कधीच पटलेले नाही. नसलेल्या शत्रूला हाकलायला एखाद्याला थंडीत धावायला लावायचे, आणि त्या धावपळीचे चित्र भिंतीवर टांगायचे, यात पाहणे कुठे आले? उलट आपण निश्चल राहिलो, तर कधी तरी तोच आपल्याकडे सरकतो. खाली उतरतो, भिंगाच्या टप्प्याच्याही अलीकडे येऊन किडा टिपतो, आणि आपल्याला शटर दाबताच येत नाही इतका जवळ असतो. तसे क्षण कार्डावर उमटत नाहीत. मला तेच अधिक आठवतात.

ऊन जरा चढले की टेकडीवरून गवताचे भारे उतरू लागतात. अशाच एका सकाळी डोक्यावर भारा घेतलेल्या एक आजी वाटेत थबकल्या. मला मातीत पालथा पाहून त्यांनी विचारले, "काय हरवलंय का बाळा?"

"नाही आजी, पाखरू बघतोय. ते बघा, दगडावर."

त्यांनी मान न हलवता डोळ्यांनीच पाहिले. "ते व्हय. ते येतंय की दर साली. भात निघाला की येतंय." मग टेकडीकडे वळून म्हणाल्या, "यंदा वणवा नको लागाय. म्हशीला एवढंच गवत हाय बघ."

त्या खाली उतरून गेल्या आणि मी बराच वेळ त्यांच्या त्या दोन वाक्यांपाशी बसून राहिलो. त्यांची म्हैस आणि तिबेटकडून आलेले हे पाखरू एकाच गवतावर हिवाळा काढत होते.

टेकडीच्या कडेने खाली उतरताना एक जुना आंबा लागतो. त्याच्या फांदीवर बांडगूळ वाढले आहे. शेतकऱ्याला ते आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे. बांडगूळ झाडाच्या अंगात मुळे रोवून त्याचे पाणी पिते. पण इथेही थोडे थांबावे. पानांमधून 'चिक्, चिक्' असा अगदी बारीक, तरतरीत आवाज येतो, आणि शोधता शोधता अंगठ्याएवढे करडे पाखरू सापडते. तो फुलटोचा, आपल्या देशातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. बांडगुळाच्या नळीसारख्या फुलांत तो चोच घालतो आणि परागकण इकडून तिकडे नेतो. मग बांडगूळ फळते, तेव्हा तो फळ सबंध गिळतो. गर पचतो, बी काही मिनिटांतच बाहेर येते. पण ते इतके चिकट असते की अंगाला लोंबत राहते. ते सोडवायला फुलटोचा फांदीवर आडवा होऊन शेपटीखालचा भाग घासतो, आणि बी नेमके सालीवर चिकटते. जमिनीवर पडले असते तर ते मेले असते. त्याला फांदीच हवी, आणि फांदीवर ते ठेवणारा हा एवढासा जीव हवा. त्याच बांडगुळाच्या पानांवर हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या वाढतात. पांढऱ्या-पिवळ्या पंखांवर लाल ठिपक्यांची किनार मिरवणारे ते फुलपाखरू हिवाळी उन्हात आंब्याच्या शेंड्याभोवती संथ तरंगत असते. शिंजीर त्याच फुलांवर येतो. एका नावडत्या झुडपाभोवती किती संसार थाटलेले आहेत ते मोजू लागावे तर दुपार होते.

अलीकडच्या बाभळीवर खाटकाची कोठी असते. काट्यात टोचून ठेवलेला नाकतोडा, कधी सरड्याचे पिल्लू. पाहवत नाही, आणि तरी त्या टोचण्यातला नेमकेपणा पाहून थक्क व्हायला होते. पंजात शिकारी पक्ष्याची ताकद नाही, म्हणून त्याने काट्याचाच हात करून घेतला.

पाण्याकडे जायचे ते शेवटी. भुकूमच्या खाटपेवाडीच्या परिसरात रामनदीचा उगम आहे. इथले पाणी खाटपेवाडीच्या तलावातून भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर असे करत मुळेला मिळते. नदी म्हणावी तर लांबी वीस किलोमीटरही नाही. पण तिचे हे वरचे टोक अजून गावाच्या हवेत श्वास घेते. तलावाच्या काठी करडा धोबी चालत असतो. पोटाखाली लिंबासारखा पिवळा, शेपटी अखंड वर-खाली. हिमालयातल्या धावत्या ओढ्यांच्या काठचा हा जीव. थिरथिऱ्याच्याही आधी, पाऊस पुरता सरायच्या आत तो सह्याद्रीत येऊन दाखल होतो. चिखलाच्या कडेला तुतारी झुकझुकून टिपत असते. मध्ये टिबुकली बुडी मारते, आणि ती कुठे वर येईल याचा अंदाज दर वेळी चुकतो. काठावरची माती जवळून पाहावी: त्यात या सगळ्यांच्या पायांची नक्षी असते, एकावर एक, बोटाबोटांची, रात्रीतून कुणी तरी लिहून गेल्यासारखी.

याच पाण्यावर खाली पाषाणचा तलाव उभा आहे. हिवाळ्यात थापट्या, तलवार बदके आणि त्यांचे कितीतरी सोबती तिथे उतरत, आणि पुण्याच्या कित्येक पक्षिवेड्यांनी आपली पहिली दुर्बीण तिथेच डोळ्याला लावली. मग पाणी मैले झाले, जलपर्णी पसरली, बदके कमी होत गेली. म्हणून भुकूमच्या टेकडीवरचे गवत हा केवळ भुकूमचा प्रश्न राहत नाही. गवताने धरून ठेवलेला पाऊस मुरतो, झिरपतो, ओढ्याला लागतो. टेकडी उघडी पडली की माती वाहते आणि तीच पुढे तलावात बसते. वरच्या कुसळाचा आणि खालच्या बदकाचा असा सांधा आहे.

महाराष्ट्रात २०२०पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. सालिम अलींनी १९४१मध्ये इंग्रजीत भारतीय पक्ष्यांचे पुस्तक सामान्य माणसाच्या हातात दिले, चितमपल्लींनी 'पक्षिकोश' रचून मराठीला आपल्याच पाखरांची नावे शोधून दिली. चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी गेले. या पक्षी सप्ताहात थिरथिरा नुकताच येऊन आपला टापू पक्का करत असतो. शाळेतल्या मुलांना त्या दिवसांत या टेकडीवर आणावे, हातात काही न देता, आणि पाऊण तास एका जागी बसू द्यावे, असे मला फार वाटते.

मात्र टेकडी राहायला हवी. पौड रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गृहसंकुले वर चढत आहेत. माणसांना घरे हवीत, हे कोण नाकारील? पण गवताळ माळ आपल्या कागदांवर बहुतेकदा 'पडीक' ठरतो, आणि जे पडीक ते मोकळे, जे मोकळे ते वापरायला हवे, असा हिशेब आपोआप बसतो. कुणी कळकळीने तिथे खड्डे खणून झाडे लावायला जातात. त्यांचा हेतू निर्मळ असतो. पण गिरिपुष्पाने झाकलेल्या उतारावर चंडोल उतरत नाही, युवराज गात नाही. झाड नसणे हाच या माळाचा स्वभाव आहे, आणि त्या स्वभावावर कितीतरी जीव विसंबले आहेत.

आणि वणवा. माघ-फाल्गुनात एखाद्या संध्याकाळी डोंगराच्या अंगावर लाल रेघ पेटलेली दिसते. कुसळी त्यातून वाचते. दव आणि उन्हाने तिचे बी आधीच मातीत नेऊन ठेवलेले असते, पहिल्या पावसाला ती पुन्हा उगवेल. वाचत नाहीत ते बाकीचे. गवतात चिकटून असलेली टोळांची अंडी, कोश, सरडे, गोगलगायी, झुडपाच्या बुडाशी निजलेले तितर. आणि अजून मुक्कामाला असलेला थिरथिरा दुसऱ्या सकाळी त्याच कातळावर येऊन बसतो, तेव्हा खाली टिपायला राख असते. नेमक्या त्याच दिवसांत त्याला परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. गावातली काही तरुण मंडळी पानगळीच्या आधीच गवत कापून जाळरेषा काढतात तेव्हा त्यांच्या त्या दोन-चार हात रुंद पट्ट्याकडे मी फार आदराने पाहतो. आजींच्या म्हशीचे गवत, तितराचे घरटे आणि तिबेटपर्यंतची एक वाट त्या पट्ट्यावर अवलंबून असते.

फेब्रुवारी उतरणीला लागला की माळाचा सूर पालटतो. काटेसावर आणि पांगारा फुलतात, भोरड्यांच्या चोची मधाने आणि परागाने माखतात. डोंबारी नर आभाळात चढतो, पंख मिटून खाली कोसळतो, जमिनीपाशी येता येता सावरून पुन्हा वर चढतो, आणि त्या चढउतारात शीळ घालत राहतो. त्याची मादी खाली कुठे तरी गवताच्या ठोंबाशी, ढेकळाच्या आडोशाला, वाटीएवढ्या खळग्यात दोन-तीन अंडी घालणार असते. टिटवी तर उघड्या मुरुमावरच घालते. ती अंडी मातीच्या रंगाची असतात. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. तेव्हा मार्चपासून आम्ही माळावर आडवेतिडवे फिरणे बंद करतो. गुरांच्या मळलेल्या वाटेनेच चालतो, टिटवी डोक्यावर ओरडू लागली की आल्या पावली मागे फिरतो, आणि कॅमेरा पावसाळ्यापर्यंत आंब्याखाली, बांडगुळाकडे वळवून ठेवतो.